हद्दीबाहेरचं डुक्कर

आचारसंहिता लागली की आमच्या भागात उमेदवारांच्या आधी बंदुका गाडीत बसतात. तिकीट कुणाला हे अजून मुंबईत ठरायचं असतं, चौकातल्या पुढाऱ्यांच्या फलकांवर कापड चढायचं असतं, आणि इकडं पोलीस ठाण्यातून फोन सुरू झालेले असतात, “हत्यार जमा करा.” मग कुणाच्या लोखंडी पेटीतून, कुणाच्या कुलूपबंद कपाटातून बंदूक बाहेर येते, सतरंजीत गुंडाळली जाते आणि ठाण्याच्या वाटेला लागते. 2024 साली सातारा-सांगलीच्या बंदुकांना ही वारी दोनदा घडली. 16 मार्चला लोकसभा जाहीर झाली, आमच्याकडं 7 मेला मतदान झालं, निकाल 4 जूनला. बंदुका घरी येऊन जरा टेकतात न टेकतात तोच 15 ऑक्टोबरला विधानसभा जाहीर. पुन्हा सतरंजी, पुन्हा गाडी.

कागदावर पाहिलं तर सरसकट सगळ्यांनी बंदुका आणून टाकाव्यात असं नाही. जिल्ह्याची एक छाननी समिती असते, कुणाचं हत्यार जमा करून घ्यायचं हे तिनं ठरवायचं असतं. पण समितीची बैठक होईपर्यंत ठाण्याचा फोन तीनदा येऊन गेलेला असतो, आणि आमच्याकडं ठाण्याचा तिसरा फोन म्हणजे समिती.

परवान्याच्या बंदुकीचं आयुष्य मी जवळून पाहिलं आहे. ती चालवायची वस्तू नाही, हजर करायची वस्तू आहे. जामिनावर सुटलेल्या आरोपीसारख्या तिला तारखा असतात. निवडणूक आली, हजर हो. परवान्याची मुदत संपली, नूतनीकरणाला हजर हो. साहेब बदलले, तपासणीला हजर हो. या हजेऱ्यांच्या मध्ये चुकून एखादा बार निघालाच, तर तो तिच्या आयुष्यातला अपवाद समजायचा.

आमच्या तात्यांकडं अशी एक बंदूक आहे. तात्या म्हणजे माझे चुलते. कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी त्यांचं गाव. बंदूक ठासणीची, एकनळी, त्यांच्या आजोबांच्या हातची. परवाना शेती संरक्षणाचा. 1959 च्या शस्त्र अधिनियमात ज्या बंदुकांचे परवाने एरवीपेक्षा सुलभपणे द्यावेत असं म्हटलं आहे, त्यांत पिकाच्या राखणीसाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नावानिशी आहे, आणि तात्यांना याचा फार अभिमान. “पिस्तुलवाल्यांचं काय सांगू नका. आपली कायद्यात हाय. कलम तेरा,” असं ते पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवतात.

ही बंदूक ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी नळीत तोंडाकडून दारू ओतायची. मग चिंधीचा बोळा घालायचा. मग गजानं ठासायचं. मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणं. शेवटी घोड्याखाली टोपी बसवायची. एवढं होईपर्यंत शहाणं डुक्कर दोन सऱ्या ऊस खाऊन पिल्लांना तिसरी सरी दाखवत असतं. तात्यांना त्याचं काही नाही, कारण डुक्कर मारायचा त्यांचा विचारच नसतो. मारायचं तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते, तिथं 1972 चा वन्यजीव कायदा आडवा येतो. त्यामुळं ते छर्रे घालतच नाहीत. तात्यांनी आजवर आभाळाशिवाय कशावरही नेम धरलेला नाही. नुसता बार काढायचा. “डुकराला कळतंय,” ते म्हणतात, “आपल्याला काय म्हणायचंय ते.”

घोटाळा डुकराचा नाही, हद्दीचा आहे. प्रत्येक शस्त्र परवान्यावर तो कुठवर चालेल हे लिहिलेलं असतं. कुणाचा जिल्ह्यापुरता, कुणाचा महाराष्ट्रापुरता, कुणाचा अख्ख्या भारताला. अख्ख्या भारताचा परवाना असलेला माणूस आमच्याकडं बसतो पण वेगळा. विटा, आटपाडी भागातले गलाईवाले सोनं-चांदी गाळायला पार केरळ-तामिळनाडूपासून दिल्लीपर्यंत गेलेले. त्यांच्यातला एखादा दिवाळीला गावी आला आणि बोलता बोलता “ऑल इंडिया हाय आपलं” म्हणाला, की पंचक्रोशीतल्या जिल्हा-परवानेवाल्यांचा चहा कडू होतो. तात्यांचा परवाना सातारा जिल्ह्यापुरता. आणि तात्यांची जमीन दोन जिल्ह्यांत.

एक तुकडा गावात, कराड तालुक्यात. दुसरा त्यांच्या आईकडून, म्हणजे माझ्या आजीच्या माहेराकडून आलेला. तो ओढ्यापलीकडं, वाळवा तालुक्यात, सांगली जिल्ह्यात. दोन्हीकडं ऊसच. डुकराला अलीकडं हाकललं की ते चार उड्यांत ओढा ओलांडतं आणि सांगली जिल्ह्यात उभं राहून खायला लागतं. तात्या ओढ्याच्या काठावर बंदूक घेऊन उभे. ऊस त्यांचा, डुक्कर समोर, बंदूक भरलेली, आणि मध्ये महाराष्ट्र शासन. अशा वेळी ते बंदूक खाली ठेवतात, ओढा ओलांडतात आणि पलीकडं जाऊन पत्र्याचा डबा वाजवतात. डब्याला परवाना लागत नाही.

तात्यांचा सगळा राग 1949 सालावर आहे. त्या वर्षी 1 ऑगस्टला जुन्या साताऱ्याचे दोन जिल्हे केले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. पुढं 21 नोव्हेंबर 1960 ला दक्षिण साताऱ्याचं सांगली असं नामकरण झालं. “नुसतं दक्षिण सातारा ठेवलं असतं तरी चाललं असतं,” तात्या म्हणतात. “परवान्यावर सातारा असं लिवलंय. वकील लावून भांडलो असतो.”

त्याआधीचं तर विचारूच नका. आमचा भाग म्हणजे हद्दींचं पीक. इंग्रजांचा सातारा जिल्हा, त्यात मधेच औंध संस्थान, तिकडं फलटण, खाली सांगली, मिरज, जत. एखाद्या संस्थानचं एखादं गाव राजधानीपासून मैलोगणती लांब, चारी बाजूंनी परक्या मुलखात. कुंडल असंच, औंधकरांचं. 1943 ते 46 या काळात साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं, तेव्हा या हद्दीचा खरा उपयोग झाला. इंग्रजांचे पोलीस पाठलागावर, आणि कुंडलच्या शिवेत शिरलं की संस्थानी हद्द. बंदुका तर तेव्हा बिनपरवान्याच्याच होत्या. 1943 च्या जुलैमध्ये वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, ते पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन. त्याच वर्षी आमच्या शेजारच्या शेणोली स्टेशनापाशी प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं सरकारी पगाराची रेल्वे लुटली. शेणोली साताऱ्यात, गाडी चाललेली सांगलीकडं, पण परवान्यावर हद्द कुठली लिहिली आहे हे कुणी कुणाला विचारल्याची नोंद नाही. तात्यांच्या आजोबांनी त्या काळात या बंदुकीचं काय केलं, हे घरात कुणी सांगत नाही. विचारलं की आजी ताकाचा विषय काढायची.

आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्प बघा. 2010 साली कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून तो केला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी असा पसरलेला. वाघाची हद्द चार जिल्ह्यांची, तात्यांच्या बंदुकीची एका. हे मी एकदा त्यांना सहज बोलून गेलो, तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जणू वाघाचा अर्ज मीच भरून दिला होता.

तर अशी ही बंदूक मागच्या विधानसभेला जमा करायला न्यायची होती, आणि गाडी माझी होती.

तात्यांनी आदल्या रात्री मला शस्त्र नियम समजावून दिले, 2016 चे. ठाण्यातल्या कुणाकडून तरी त्यांनी झेरॉक्स मिळवली आहे आणि ती ज्ञानेश्वरीच्या खाली ठेवतात. त्यात म्हटलं आहे की सार्वजनिक ठिकाणी बंदूक न्यायची तर ती तिच्या खास पिशवीत, पूर्ण झाकलेली असावी, आणि नेणाऱ्याचा तिच्यावर नीट ताबा असावा. मिरवणं तर नाहीच. लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्यांसाठी 2019 च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी सोय केली आहे. त्या दुरुस्तीनं आणखी दोन गोष्टी केल्या. परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं केली, आणि एका माणसाकडं तीनऐवजी दोनच हत्यारं राहतील असं ठरवलं. पहिलीमुळं तात्या सुखावले. दुसरीमुळं वरच्या आळीतल्या इनामदारांच्या वाड्यात तीन भावांसारख्या भिंतीवर टांगलेल्या तीन बंदुकांतली एक कमी झाली, याचं तात्यांना त्याहून जास्त सुख झालं.

पूर्ण झाकलेली, हा पहिला प्रश्न. ठासणीची बंदूक माणसाच्या छातीएवढी लांब, आणि बाजारात मिळणाऱ्या पिशव्या बाराबोरच्या मापाच्या. शेवटी काकूंनी मार्ग काढला. गावच्या भजनी मंडळानं वीणेला नवी गवसणी शिवली होती, जुनी आमच्या घरी पडून होती. दस्त्याचा रुंद भाग भोपळ्याच्या जागी बरोबर बसला, नळी दांडीच्या जागी. वर कडेला जरीची झालर आणि पोटावर ‘राम कृष्ण हरी’.

दुसरा प्रश्न ताब्याचा. मी म्हटलं, डिकीत टाकू. तात्या म्हणाले, डिकीत बंदूक आणि आपण पुढं, तर मग ताबा कुणाचा? डिकीचा? बरं, डिकीत ती मावतही नव्हती. पुढच्या सीटवर दोन गुडघ्यांत उभी धरली तर नळी छताला टेकते. मागच्या सीटवर तिरकी घातली तर मावते, पण मग तात्यांना बसायला जागा उरत नाही, आणि तात्या पुढं बसले तर पुन्हा ताबा सुटतो. कारण परवाना तात्यांच्या नावावर, माझ्या नाही. मी नुसता हात लावला तरी बेकायदा. बऱ्याच खटपटीनंतर असं ठरलं की बंदूक मागं तिरकी, तात्या मागंच डाव्या दाराला चिकटून, दस्ता मांडीवर, आणि दारूची डबी, टोप्या वेगळ्या पिशवीत. पुढं मी एकटा. बघणाऱ्याला वाटावं की भाड्याची गाडी आहे.

यातून एक कलम निघालं ते आम्हा दोघांच्याही लक्षात आधी आलं नव्हतं. तात्या गाडीतून उतरले तर बंदूक माझ्या ताब्यात येते. माझ्याकडं परवाना नाही. म्हणजे तात्यांनी उतरायचंच नाही. चहा गाडीत येऊ शकतो, पण तात्यांना साखरेचा त्रास आहे, आणि साखरेच्या माणसाला अर्ध्या तासानं जे लागतं ते गाडीत येऊ शकत नाही. महामार्गावरच्या एका हॉटेलापाशी त्यांनी बराच वेळ कायद्याशी झुंज दिली, मग दार उघडलं, गवसणी खांद्याला लावली आणि ताठ मानेनं मुतारीकडं चालू लागले. गल्ल्यावरच्या माणसानं हात जोडले.

“बुवा, आज कीर्तन कुठं?”

“ठाण्यात,” तात्या म्हणाले आणि आत गेले.

तो माणूस माझ्याकडं आला. पोलीस ठाण्यात कीर्तन ठेवलंय म्हणजे साहेब चांगले आले असतील, असं म्हणाला. मी हो म्हटलं. त्यानं बुवांच्या चहाचे पैसे घेतले नाहीत. यात फसवणुकीचं कलम लागतं का, हे झेरॉक्समध्ये नव्हतं.

वाटेची निवड हे आणखी एक प्रकरण. आमच्या गावाहून आमच्याच ठाण्याला जायला दोन रस्ते. खालचा रस्ता जवळचा, पण मधेच मैलभर सांगली जिल्ह्यात शिरतो आणि पुन्हा बाहेर येतो. वरचा लांबचा, पण पूर्णपणे साताऱ्यातला. फोनवरच्या हवालदारानं सांगितलं होतं, “खालनं या की सरळ, कोण बघतंय?” तात्या म्हणाले, “लिहून द्या.” तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. अटी मोडल्या तर कलम तीसखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हे तात्यांना पाठ आहे. दोन हजारांचं त्यांना काही वाटत नाही. सहा महिन्यांत दोनदा ऊस तोडायला टोळी येऊन परत जाईल, ही खरी भीती.

शिवाय परवान्यामागच्या अटींत लिहिलेलं आहे की हत्यार जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात न्यायचं नाही, शाळा-कॉलेजच्या आवारात न्यायचं नाही. दिल्लीत बसून ही अट लिहिणाऱ्याला सातारा-सांगलीचं पंचांग कुणी दाखवलं नसणार. पौषात पालीला खंडोबाचं लग्न, त्याच महिन्यात मांढरदेवीला काळूबाई. हिवाळ्यात पुसेगावचा सेवागिरींचा रथ, दत्तजयंतीला औदुंबर. भाद्रपदात गणपती बसले की दुसऱ्या दिवशी तासगावचा रथ. या सगळ्यांतून उरलेल्या दिवशी कुणाची तरी वरात, आणि वरातीतून उरलेला वेळ साखर कारखान्याची सर्वसाधारण सभा, जी सार्वजनिक जमावाच्या कुठल्याही व्याख्येत बसते. परवान्याची बंदूक घेऊन आमच्या भागात बिनबोभाट प्रवास करायचा तर आषाढातला एखादा मुसळधार मंगळवार शोधावा लागतो.

निघालो तर पुढं तपासणी नाका. निवडणुकीत ही पथकं जागोजाग बसतात, टेबल, तंबू, एक व्हिडिओवाला. पन्नास हजारांच्या वर रोकड सापडली तर हिशोब द्यावा लागतो. आमची गाडी बाजूला घेतली. तात्यांनी छातीच्या खिशातून परवाना काढला आणि हातात तयार धरला. इतक्या वर्षांच्या हजेऱ्यांत रस्त्यावर कुणीतरी विचारण्याचा हा पहिलाच योग होता.

“काय आहे त्यात?” पथकातल्या माणसानं गवसणीकडं बघत विचारलं.

“बंदूक.” तात्यांचा आवाज जरा मोठाच लागला.

“ती असू द्या हो. पैशे आहेत का?”

“पैसे कुठले? ही बंदूक हाय. परवाना बघा. युआयएन नंबरसकट. ऑनलाइन हाय.”

“पैशे नाहीत ना? मग चला, पुढं घ्या गाडी, मागं लाईन लागलीय.”

व्हिडिओवाल्यानं मात्र गवसणीवरच्या ‘राम कृष्ण हरी’वर कॅमेरा थोडा वेळ ठेवला. तात्या पुढचा टप्पा काही बोलले नाहीत. ज्या कागदासाठी माणूस साताऱ्याच्या किती चकरा मारतो, फोटो काढतो, पोलीस चौकशीला तोंड देतो, तो कागद कुणी बघू नये, याचं दुःख बंदूक नसलेल्याला कळायचं नाही.

ठाण्यात गर्दी होती. ठाणे अंमलदारापुढं जेवढी माणसं तेवढ्या सतरंज्या. गावोगावचे परवानेवाले वर्षानुवर्षं इथंच भेटत आलेले, त्यामुळं बंदूक जमा करणं हे थोडंफार सोयरीक जुळवण्याचंही ठिकाण झालं आहे. “थोरला काय करतो? पुण्याला? जमीन किती?” अशी चौकशी दोन नळ्यांच्या मधून चालू असते. मुद्देमाल कारकून एकेक हत्यार घेतो, नंबर बघतो, सुतळीनं चिठ्ठी बांधतो आणि आत ठेवतो. आत जप्तीच्या मोटारसायकली, हातभट्टीचे कॅन, कुठल्याशा भांडणातली कुऱ्हाड आणि शेजारी तात्यांच्या आजोबांची बंदूक. गवसणी परत नेणार की ठेवणार, असं कारकुनानं विचारलं. तात्या म्हणाले, ठेवा, आत ओल आहे. कारकुनानं पावतीवर लिहिलं: ‘ठासणीची बंदूक एक, वीणेच्या कव्हरसह.’

तिथंच तात्यांना त्यांचे जुने दोस्त सुभेदार भेटले. सातारा जिल्ह्याला फौजेची परंपरा जुनी, अपशिंगे गावाच्या नावाला तर लोक मिलिटरी असंच जोडतात. फौजेतून आलेला माणूस स्वतःची बाराबोर घेतो आणि पुण्याला बँकेत गनमॅन म्हणून लागतो. पदरची बंदूक हीच त्याची नोकरीची पात्रता. सुभेदार एसटीनं बंदूक घेऊन पुण्याला जातात, तेव्हा त्यांना उभं राहून प्रवास करावा लागल्याचं कुणी पाहिलेलं नाही. आचारसंहितेतही बँकेच्या रखवालदाराला हत्यार जमा करण्यातून सूट मिळू शकते, तसा दाखला द्यायलाच ते आले होते. हे ऐकल्यावर तात्यांचा पारा चढला.

“म्हंजे बँकेच्या पैशाला राखण पाहिजे आन् उसाला नको?”

“तात्या, ऊस बी बँकेचाच हाय,” सुभेदार म्हणाले. “कर्ज फेडलंस का?”

तात्यांना सत्तरी उलटली आहे. सत्तरीनंतर हयातीतच बंदूक वारसाच्या नावे करता येते अशी तरतूद नव्या नियमांत आहे. पण वारस हिंजवडीला अकराव्या मजल्यावर राहतो. त्यांच्या सोसायटीत कुत्रं पाळायला तीन सह्या लागतात. शिवाय हिंजवडी पुणे जिल्ह्यात. तात्यांनी विषय काढला तेव्हा तो म्हणाला, “बाबा, तिथं डुक्कर येत नाही.” तात्या म्हणाले, “मग तिथं राहतोस कशाला?”

निकालानंतर आठवड्यानं बंदूक सुटून आली. गवसणी धुऊन काढावी लागली. आणि त्या हिवाळ्यात तात्यांनी ठरवलं, हद्द वाढवून घ्यायची. निदान ओढ्यापलीकडच्या तुकड्यापुरती. अर्ज केला. कारण: ‘पिकाचे रानडुकरांपासून संरक्षण.’ अर्ज साताऱ्याच्या टेबलावरून सांगलीच्या टेबलावर गेला. तिथून विचारणा आली की सदर क्षेत्रात रानडुकरांचा उपद्रव असल्याबाबत स्थानिक पंचनामा जोडावा. सोबत एक ओळ होती, ती तात्यांनी मला तीनदा वाचायला लावली: ‘सदर डुकरे कोणत्या हद्दीतून येतात, याचा खुलासा व्हावा.’

“साताऱ्यातनंच येत्यात,” तात्या म्हणाले. “मीच हाकलतो न्हवं का.”

“हे लिहू नका,” मी म्हटलं.

पंचनाम्याला तलाठी आले. त्यांचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण ओढ्यातून चप्पल हातात घेऊन येणाऱ्या माणसाला एवढं मोठं नाव कुणी हाक मारत नाही. पंच म्हणून शेजारच्या शेतकऱ्याची सही हवी होती. शेजारी म्हणजे तात्यांचे मामेभाऊ अण्णा. बहिणीला वाटणी गेली त्या दिवसापासून दोन्ही घरांत फक्त बांधावरून बोलणं होतं, आणि तेही बांधाविषयीच. अण्णा आले, उपटलेले ऊस बघितले, डुकराच्या खुरांचे ठसे बघितले, मग तात्यांकडं बघितलं.

“उपद्रव हाय का?” तलाठ्यांनी विचारलं.

“कुणाचा?” अण्णा म्हणाले.

तलाठ्यांनी कागद पुढं केला. अण्णांनी चष्मा लावून सगळा वाचला, अगदी छापखान्याच्या नावापर्यंत.

“सही करतो. पर बार काढायच्या आधी फोन करायचा. आवाज झाला की आमची म्हस दूध चोरती.”

“आन् डुक्कर थांबतंय व्हय तुमच्या फोनपतोर?” तात्या.

“मग धारंच्या येळंला न्हाय काढायचा. सकाळचं पाच ते सात आन् सांजचं पाच ते सात. बाकी येळंला काय बी करा.”

“डुक्कर त्याच येळंला येतंय.”

“ते तुमचं तुम्ही बघा. म्हस माझी हाय.”

तलाठ्यांना ओढ्याला पाणी चढायच्या आत परत जायचं होतं. त्यांनी दोघांचं म्हणणं जसंच्या तसं उतरवून घेतलं, वेळांसकट, आणि सह्या घेतल्या. तो पंचनामा अर्जाला जोडला गेला, आणि अर्ज आता कुठल्याशा टेबलावर आहे. मागच्या महिन्यात तात्यांनी चौकशी केली तेव्हा त्यावर नवा शेरा पडलेला होता: ‘धारेच्या वेळेबाबत पशुसंवर्धन विभागाचा अभिप्राय मागवावा.’